तीन नावांचा अर्ज

नेस्टर कातुबिग आमच्या गावात आला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. मला तो पहिल्यांदा दिसला सहकारी दुकानात, टूनाच्या डब्यांसमोर उभा राहून एकटाच हसताना. चेहरा आमच्या मुलखातला, म्हणून मी सरळ इलोंगोत, फिलिपिन्समधल्या आमच्या भाषेतच विचारलं, "काय रे, एवढं काय लिहिलंय त्या डब्यावर?"

तो दचकला. मग म्हणाला, "मनांग, सोळा वर्षं मी जनरल सँतोसला ह्याच माशाच्या शीतगृहात होतो. एकेक मासा माझ्याएवढा. आणि इथे बघा, बिचाऱ्याची काय दशा केलीय."

त्या दिवसापासून मी त्याची मनांग, म्हणजे थोरली बहीण, आणि तो माझा नॉय, म्हणजे धाकटा. ब्रॅनिंग हे अकराशे वस्तीचं गाव. कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांताच्या सपाट माळावर रेल्वेच्या कडेला बसलेलं. इथे फिलिपिनो म्हणून मी एकटीच होते. वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर मी सांभाळते. सत्तावीस वर्षं झाली मला इथे. माझ्या वेळी पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या हक्काचा, कागद अकरा महिन्यांत आला होता. नेस्टरला मी हे कधी सांगितलं नाही. एकदा त्यानेच विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. आठवत नाही म्हणाले.

त्याला इथे आणलं होतं ओरेस्ट कोवालने, बर्फावरच्या हॉकीच्या रिंकच्या व्यवस्थापकाने. आमच्या रिंकचा बर्फ लागोपाठ दोन हिवाळे भर सामन्यात मऊ पडला होता. अमोनियाचं यंत्र जुनं, ते समजणारा म्हातारा मेकॅनिक निवृत्त झालेला, आणि अकराशे वस्तीच्या गावात यायला दुसरा कुणी तयार होईना. नेस्टर आला, आठ दिवस यंत्राशेजारी बसून राहिला. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून तो बेअरिंग ऐकायचा. नवव्या दिवशी त्याने यंत्र उघडलं. त्यानंतर आमचा बर्फ कधी बिघडला नाही. गावातली माणसं रस्त्यात त्याला हात करायची, "काय नेस्टर, बर्फ कसाय?" म्हणायची. तोही म्हणायचा, "मस्त." चार वर्षं गावाशी त्याचं एवढंच बोलणं झालं असेल.

येताना त्याला सांगितलं होतं, वर्षभर काम कर, मग प्रांत तुझं नाव सुचवेल, आणि दीडदोन वर्षांत बायको-मुलीसकट पीआर. प्रांताने नाव सुचवलंही. अर्ज गेला तीन नावांचा. नेस्टर, त्याची बायको आर्लिन, आणि मुलगी क्रिझेल. क्रिझेल तेव्हा अठरा वर्षांची होती.

पहिलं वर्ष त्याने मजेत काढलं. दुसऱ्या वर्षी तिघांच्या वैद्यकीय तपासणीची मुदत संपली, ती पुन्हा करावी लागली. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. दर सकाळी कामावर जायच्या आधी तो फोनवर अर्ज उघडून बघायचा. तिथे एकच ओळ असायची, तुमचा अर्ज विचाराधीन आहे. मध्ये सुट्टी घेऊन घरी जाऊन ये, असं मी दोनदा म्हणाले. "कशाला मनांग? त्या दोघीच येतायत ना आता," म्हणायचा.

दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे यायचा. तळघरातल्या त्याच्या खोलीत फोनला व्हिडिओ कॉलपुरती रेंज नसे. मी लसणाचा भात परतायचे, सुके मासे तळायचे. शेजारीण खिडक्या लावून घ्यायची. तो साखरेच्या डब्याला फोन टेकवायचा आणि घरी लावायचा. तिकडे तेव्हा रात्रीची जेवणं आटोपत आलेली असत. आर्लिन भांडी आवरता आवरता बोलायची, क्रिझेल पाच मिनिटं येऊन जायची. नेस्टरचे प्रश्न ठरलेले. कोटाचं माप काय? बुटांचं माप वाढलं का? एका सेलमध्ये त्याने तिच्यासाठी जांभळा कोट घेऊनही ठेवला होता.

पाचव्या हिवाळ्यात मात्र त्याच्या कामाच्या परवान्याची मुदत जवळ आली. मार्चअखेर तो संपणार होता. नवा हवा तर गावाला वरून नवी मंजुरी आणावी लागणार होती, आणि नियम बदलल्यामुळे ती मिळेल की नाही हे कुणीच सांगेना. ओरेस्ट अर्ज भरभरून थकला. शेवटी नेस्टरने रेजायनाच्या लिनेटला फोन लावला. व्हिसाची कामं करणारी आमचीच एक बाई. माझ्या स्वयंपाकघरातूनच लावला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"कुया नेस्टर, सरळ विद्यार्थी व्हा," लिनेट म्हणाली. कुया म्हणजे दादा.

"ह्या वयात? कसला विद्यार्थी?"

"वयाचं काय घेऊन बसलात! माझ्याकडे पन्नाशीचे विद्यार्थी आहेत. दोन वर्षांचा कोर्स घ्या. शिकता शिकता थोडं काम करता येतं. कोर्स नीट निवडला, तर पुढे पुन्हा कामाचा परवाना, मग पुन्हा पीआरचा अर्ज."

"आणि आत्ताचा अर्ज?"

"तो रिंकच्या नोकरीवर उभा आहे. नोकरी सुटली की तो आडवा."

"मग क्रिझेल?"

"नव्या अर्जाच्या वेळी ती बावीसच्या पुढे गेलेली असेल, कुया. तिला मूल म्हणून धरणार नाहीत. पण तुम्ही तर राहाल ना?"

त्याने फोन ठेवला. ताटलीतला भात तसाच होता, तो त्याने कचऱ्यात टाकला आणि ताटली धुऊन ठेवली. एरवी शीत वाया घालवणारा माणूस नव्हता तो.

तरी बघून तरी येऊ म्हणून आम्ही सॅस्कटूनला गेलो. मला डोळे दाखवायचे होतेच. लिनेटने सांगितलेलं कॉलेज गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. टेबलामागची मुलगी गोड होती. नेस्टरने तिला विचारलं, "शीतयंत्रांचा कोर्स आहे का?"

"तो दुसऱ्या संस्थेत असतो. पण बाहेरच्या देशातल्यांसाठी तिथे दोन वर्षं जागा नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे हॉटेल व्यवस्थापन आहे. तासाला बसून बघता?"

मी डोळे तपासून परत आले तेव्हा तास संपला होता. नेस्टर बाहेरच्या बाकावर एका उंच, करड्या केसांच्या माणसाशेजारी बसला होता. एकाँग त्याचं नाव. नायजेरियात तो जमिनीची मोजणी करायचा, मोठे पूल त्याने आखून दिले होते.

"हा माझा तिसरा कोर्स," एकाँग आम्हाला म्हणाला. "पाहुण्याचं स्वागत कसं करावं हे मला आता तीन पद्धतींनी येतं. पाहुणा तेवढा अजून यायचाय."

नेस्टर हसला. "घरी कोण कोण?"

"बायको, चार मुलं. धाकट्याने शाळेत सांगितलं, माझे बाबा कॉलेजात शिकतात. बाईंनी खोटं बोलतो म्हणून उभं केलं त्याला."

हे सांगून तो स्वतःच एवढा मोठ्याने हसला की टेबलामागच्या मुलीने मान वर करून बघितलं. मग त्याने डोळे पुसले आणि पुढच्या तासाला गेला.

परतीच्या वाटेवर दोन तास दोन्ही बाजूंना पांढरी शेतं. गाव दिसायला लागलं तेव्हा नेस्टर म्हणाला, "नाही जमायचं, मनांग. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, आणि ते पण पोरीचं नाव खोडून? परवाना संपला तर संपला. मग तिघं मिळून काय ते बघू."

"नॉय, तिला विचार तरी. ती काही लहान नाही आता," मी म्हणाले. आज वाटतं, नसते म्हणाले तर बरं झालं असतं. पण कधीतरी ते बाहेर येणारच होतं.

पुढच्या रविवारी त्याने तिला सगळं सांगितलं. कोर्सचं, बावीस वर्षांचं, आणि आपण नाही म्हणणार ह्याचं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.

मग क्रिझेल म्हणाली, "पा, तू माझ्यासाठी अडून राहू नकोस."

"अगं, अडून कसला? तुझं नाव आहे अर्जात."

"नाव तू घातलंस. मला यायचंच नाहीये, पा."

"आज असं वाटतंय तुला. इथे आलीस की..."

"आज नाही. दोन वर्षं झाली." तिचा आवाज बारीक झाला, पण ती थांबली नाही. "माझं बी.एड. संपत आलंय. ग्लानच्या शाळेत मला घेणार आहेत. आणि जोमर आहे. आईला माहितीय."

"आईला माहितीय?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार होते? तू दर रविवारी कोटाचं माप विचारायचास."

आर्लिनने फोन घेतला. "नेस, रागावू नकोस तिच्यावर," म्हणाली. नेस्टर म्हणाला, "रागावलो नाही. ठेवतो आता, कामावर जायचंय." रविवारी सकाळी रिंकला कुलूप असतं, हे तिघांनाही माहीत होतं.

त्यानंतर तीन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी दुपारी, मी डबा घेऊन रिंकवर गेले. ओरेस्ट दारातच भेटला. सत्तरीचा, आडदांड माणूस. टोपी हातात घेऊन फिरवत होता.

"नेनिता, बरं झालं आलीस. काय झालंय त्याला? धड जेवत नाही, बोलत नाही. तसा आधीही बोलत नव्हता म्हणा. पण हे निराळं आहे."

"तू विचार ना."

"मला नाही विचारता येत असलं काही. मी परवा पुन्हा नगरपालिकेत जाऊन टेबल आपटून आलो. मला तेवढंच येतं."

यंत्रखोलीत नेस्टर पंपाशेजारी पालथ्या बादलीवर बसला होता. यंत्राच्या घरघरीत मला त्याच्या अगदी जवळ वाकावं लागलं. डबा पुढे केला, त्याने घेतला, उघडला नाही.

"मनांग, मी रोज सकाळी उठून ती ओळ बघायचो. वाटायचं, तिकडे दोघी जणी तीच ओळ बघतायत," तो म्हणाला. "कुणी थांबलंच नव्हतं. मी एकटाच थांबलो होतो."

"आर्लिन आहे ना."

"आर्लिनला सगळं माहीत होतं." मग म्हणाला, "आता लिनेटला हो म्हणायला काही हरकत नाही, नाही का? नाव खोडायची भीती गेली. पण आता हो तरी कशाला म्हणू, तेच कळत नाही."

यंत्र बंद होईपर्यंत मी उभी राहिले. मग म्हातारे चहाला खोळंबले असतील म्हणून निघाले.

लिनेटला त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिचे दोन फोन त्याने घेतले नाहीत. मार्च उजाडला. त्याने भिंतीवरची दोन कॅलेंडरं उतरवली, एक पेटी भरली. परवाना संपायला नऊ दिवस उरले असताना गावाला मंजुरी आली, एका वर्षाची. ओरेस्ट धावतच यंत्रखोलीत गेला आणि त्याने नेस्टरला उचललंच म्हणतात. नेस्टर "थँक्यू" म्हणाला आणि संध्याकाळी पेटी पुन्हा रिकामी केली.

आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पीआरचं पत्र आलं. त्रेचाळीस महिन्यांनी. तिन्ही नावं होती. क्रिझेलने आपलं नाव काढून टाका असं स्वतःच कळवलं. नेस्टरला मी मिठी मारली, केक केला, आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो सगळ्यांशी हात मिळवत फिरला, जणू दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात आहेरापुरता आलाय.

एप्रिलमध्ये रिंकचा बर्फ काढल्यावर तो घरी गेला. साडेपाच वर्षांनी. क्रिझेलचं लग्न लावून, आर्लिनला बरोबर घेऊन मेअखेर परत आला. तिच्या व्हिसाची मुदत होती, तेवढ्यात तिला इथे पाऊल ठेवणं भाग होतं. आर्लिन शांत, हसरी बाई. तिने त्याचं तळघर घासून लख्ख केलं, माझ्या शेजारणीला न विचारता तिच्या वाफ्यातलं तण काढलं. संध्याकाळी नऊ वाजले तरी ऊन आहे म्हणून हैराण व्हायची. गाव दोन दिवसांत बघून झालं. नेस्टर कामावर गेला की ती खिडकीत बसून रेल्वेचे डबे मोजायची.

सव्विसाव्या दिवशी ती परत निघाली. तिकडे तिची म्हातारी आई होती, बाजारातला गाळा होता, आणि आता क्रिझेलचं घरही जवळ होतं. भांडण झालं नाही. माझ्या टेबलाशी बसून तिने त्याला माझ्यासमोरच सांगितलं, "नेस, तू नसताना जगायचं मी शिकले. फार रडून शिकले. आता इथे आले, तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. मला थोडा वेळ दे."

"दिला," तो म्हणाला.

रेजायनाच्या विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेले. ती आत जाईपर्यंत तो काचेपाशी उभा होता. तिने वळून दोनदा हात केला. गाडीत बसल्यावर थोड्या वेळाने तो म्हणाला, "मनांग, एक सांगू? मी घरी गेलो ना, पहिल्या दिवशी आंघोळीला निघालो, तर आर्लिनने कपाटातून नवा टॉवेल काढून दिला. घडी न मोडलेला. पाहुण्यांसाठी ठेवतो ना आपण, तो. तिच्या लक्षातही आलं नाही."

मी गाडीचा वेग कमी केला. तो लगेच कॉम्प्रेसरविषयी बोलायला लागला. डावीकडचं बेअरिंग बदलायला झालंय, ऑगस्टच्या आत केलं पाहिजे, ओरेस्ट ऐकत नाही, सुटा भाग मागवायला सहा आठवडे लागतात. गाव येईपर्यंत तो तेच बोलत होता. मी मधेमधे "हं" म्हणत गाडी चालवत राहिले.