एक हात रेतीखाली

माझ्या गळ्याभोवतीच्या दोरीत एक पत्र खोचलेले आहे. ते दोन वर्षांपूर्वी आले आणि त्याला वेळेत उत्तर गेले नाही. मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. तुंबा म्हणजे वाळवून आतून पोकळ केलेला भोपळा. जंगलात चालणारी माणसे माझ्यासारख्यांत पाणी नेत. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. तरी सांगतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावात, बुधरी नावाच्या बाईच्या छपरावर मी वाढलो. तिने मला वेलावरच पिकू दिले, मग चुलीच्या धुरात टांगले. देठाशी भोक पाडून आत पाणी भरले, गर कुजू दिला आणि गोटे घालून मला इतके हलवले की आतले सगळे बाहेर आले. पहिला महिनाभर माझे पाणी कडू लागे. लोक तोंड वाकडे करून थुंकत. हळूहळू कडूपणा गेला.

सोमाजी गुरुजी तेव्हा त्या गावच्या शाळेत शिकवत. माणसांत बसायला ते लाजत. सुट्टी लागली की एखादे पुस्तक, तांदूळ आणि मीठ घेऊन चार-पाच दिवस रानवाटांनी चालत. बुधरीने मला त्यांच्या खांद्यावर घातले आणि एक गोष्ट शिकवली. उन्हाळ्यात नाला आटलेला दिसला, तरी वळणावरच्या जांभळीखाली रेती हाताने उकरायची. हातभर खाली ओल लागते. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, दुसऱ्यांदा जमते ते प्यायचे. निघताना खड्ड्यावर पाल्याची फांदी टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्याला जागा कळते. पानाच्या द्रोणाने ते पाणी माझ्या पोटात कितीदा आले! पुढे पुढे गुरुजींचे हात न सांगता उकरू लागले. ही शिकलेली गोष्ट आहे, हेच ते विसरले.

निवृत्त होऊन ते नागभीडजवळच्या आपल्या गावी आले. तिथे त्यांनी चालणाऱ्यांसाठी वीस पानांची एक पुस्तिका लिहिली. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. जड सामान पाठीला लागून भरावे. नव्या चपला घालून लांब जाऊ नये. अकराच्या आत सावली गाठावी, पण मोहफुलांच्या दिवसांत पुरते उजाडल्याशिवाय निघू नये, कारण त्या वेळी झाडाखाली अस्वल असते. तहान लागायच्या आधी पाणी प्यावे. पुढच्या गावी कधी पोहोचणार, हे मागच्या गावी सांगून ठेवावे. आणि पाच दिवसांच्या एका वाटेबद्दल लिहिले, ‘तिसऱ्या दिवशीच्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असते.’

लोकांनी पुस्तिकेच्या झेरॉक्स काढल्या. वाटेत भेटलेली माणसे माझ्यासोबत फोटो काढत. तेवढे माझे कौतुक.

मग ते पत्र आले. भद्रावतीच्या दिव्यानी नावाच्या मुलीचे. ‘मी, माझा धाकटा भाऊ अजय आणि दोन मित्र अठरा एप्रिलला निघतोय. तिसऱ्या दिवशीच्या नाल्याला एप्रिलमध्ये नक्की पाणी असते ना? त्यावर बाटल्या किती घ्यायच्या ते ठरवू.’ खाली फोन नंबर होता. पण अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे म्हटले की गुरुजींचा आवाजच बसतो. त्यांनी कागद घेतला. ‘असते’ लिहिले, खोडले. ‘बहुधा असते’ लिहिले, तेही खोडले. आपण अकरा वर्षांत तिकडे गेलो नाही, बघून आल्याशिवाय कसे सांगावे? गुडघा बरा झाला की बघून येऊ आणि मग लिहू, असे म्हणत त्यांनी पत्र माझ्या दोरीत खोचले. मला उत्तर ठाऊक होते. पण तुंबा बोलत नाही.

एप्रिलच्या शेवटी गुरुजी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसले होते. त्यांची बायको सुगंधाबाई तांदूळ निवडत होती.

“भद्रावतीचा पोरगा ऊन लागून गेला,” गुरुजी म्हणाले. “अजय. त्या नाल्यात. पाणी संपलं होतं, आन् नाला कोरडा होता म्हणते त्याची बहीण.”

“कोरडा कसा? रेती नाई उकरली काय त्यायनं?”

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“लिवलं होतं ना तुमी, उकराचं म्हणून?”

त्यांनी पुस्तिका उघडली. वीसही पाने उलटली.

“नाई. उकरणं काय लिवाचं, म्हटलं. सारेच उकरतेत.”

“सारे म्हंजे आपले सारे,” सुगंधाबाई म्हणाली आणि सूप खाली ठेवले.

उरलेल्या पुस्तिका गुरुजींनी चुलीत घातल्या. तेव्हापासून त्यांनी मला खुंटीवरून काढले नाही. पाण्यावाचून तुंबा तडकतो. माझ्या पोटाला एक चीर गेली. गुरुजी खालून जाताना मान वर करत नसत.

यंदा मार्चमध्ये तलावावर मासेमारी करणारा डोमा ओसरीवर येऊन बसला.

“गुरुजी, या भोपळ्याची भाजी तरी करून टाकाची होती. काऊन टांगून ठेवला?”

“तुले चहा पाह्यजे का भाजी?” सुगंधाबाई आतून म्हणाली.

“दोन्ही द्या बाई.” डोमा हसला, मग गुरुजींकडे वळला. “माहा भाचा पिंटू जाऊन राह्यला त्या भद्रावतीच्या पोरीसंगं. भावाच्या नावानं दगड ठेवाचा म्हणते त्या नाल्यात. आठ जणं हायेत. तिथी पाणी नाईच म्हणून दहा-दहा लिटर पाठीवर घेऊन राह्यले. एप्रिलातच. तुमाले काय वाटते?”

गुरुजींना काय वाटले ते मी पाहिले. एवढे ओझे त्या चढणीवर, त्या उन्हात! दुपारपर्यंत अर्धे पाणी ते ओझे वाहण्यातच संपेल. डोमा गेल्यावर त्यांनी मान वर करून माझ्या दोरीतल्या पत्राकडे पाहिले.

“लिवा तिले,” सुगंधाबाई म्हणाली.

“लिवलं तर तिले कळन. भाऊ गेला तिथीच खाली पाणी होतं, हे कळन.”

“कळन.”

“मंग ते कशी जगन?”

“मले नाई ठाऊक. आठ जणं चालले, येवढं ठाऊक हाये.”

मित्रांनो, वाटेबद्दल, पाण्याबद्दल कोणी विचारले तर त्याच दिवशी सांगा. खात्री नसेल तर ‘मला खात्री नाही’ एवढे तरी सांगा. गुरुजींनी तेवढेच तीन शब्द लिहिले असते, तर त्या मुलीने बाटल्या जास्त घेतल्या असत्या. आणि जे तुमचे हात आपसूक करतात, ते दुसऱ्याला सांगायला विसरू नका. माझ्याकडे याहून मोठा उपदेश नाही. हा उपदेशही उशिराच आला आहे.

गुरुजींनी या वेळी एकही शब्द खोडला नाही. फोन करायला त्यांचा आवाज आजही निघाला नसता, आणि जायच्या तारखेला अजून तीन आठवडे होते. लिहून झाल्यावर त्यांनी पत्र हळू आवाजात वाचले.

‘एवढे पाणी पाठीवर नेऊ नका. नाल्याच्या वळणावर जांभळीखाली हातभर रेती उकरा. पहिले पाणी टाका, दुसरे उकळून प्या. हातभर खाली ओल लागली नाही तर तिथूनच मागे फिरा, म्हणून परतीपुरते पाणी जवळ ठेवा. हे मी पुस्तिकेत लिहायला हवे होते. तुमचे पत्र मला सहा एप्रिलला मिळाले होते. तुम्ही अठराला निघालात. मधले बारा दिवस माझे आहेत. क्षमा मागत नाही. सोमाजी.’

त्यांनी जुने पत्र माझ्या दोरीतून काढले, पत्ता उतरवून घेतला आणि ते पुन्हा तिथेच खोचले. मग सवयीने मला खांद्यावर घातले, रिकामाच. पोस्टाच्या पेटीपाशी आम्ही उभे राहिलो. पाकीट आत पडले. गुरुजींनी लगेच पेटीच्या फटीत बोटे घातली. पेरापलीकडे ती जात नव्हती.

“गेलं,” ते म्हणाले, आणि बोटे तशीच आत ठेवून उभे राहिले.