कोरडा हात

आईची आठवण मला आधी वासाने येते: कुटलेली मोहरी, ओली हळद, आणि त्यांवरून सरकत जाणारा काजूच्या मोहराचा गोडसर वारा. फाल्गुनातलं कोवळं ऊन लाटंबार्सेतल्या आमच्या घरामागच्या पोरसात, म्हणजे भाजीच्या वाफ्यांत, उतरलं की ती मिरच्या खुडायची, मुळे उपटायची, आंबट बिंबलं झाडावरून अलगद उतरवायची. मग सगळं धुऊन, जुन्या लुगड्यावर पसरून, एकेक फोड दोन बोटांत धरून कोरडी झाली का ते पाहायची. बोलायची फारच कमी. फोडीत मीठ जसं आत आत जातं, तसं तिच्यात सगळं आत जायचं.

तीन भावांचं घर, पण चूल एकच, आणि तिची मालकीण मोठीआई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. जेवायला रोज पंधरा-सोळा पानं, आल्यागेल्याची वेगळी. त्या सगळ्या राज्यात लोणच्याची मोठी बरणी तेवढी आईच्या हातची होती. गोवा राज्य झालं त्या वर्षी आमच्या सोप्यावर मराठी की कोंकणी यावरून रोज वाद रंगत. दोन्ही बाजूंचे लोक कोंकणीतूनच भांडत आणि पेज मात्र आमचीच पीत. अशाच एका श्रावणातल्या दुपारी मोठीआई तांदूळ धूत असताना बाहेरून कुणीतरी लोणचं मागितलं. तिने घाईघाईत तसाच ओला हात बरणीत घातला. आई समोरच होती. बाहेर पाहुणे असताना थोरल्या जावेला शिकवायचं कसं, म्हणून तिने जीभ चावली. नंतर सांगू असं मनाशी म्हणाली आणि ते राहून गेलं.

चतुर्थीला सगळ्या माहेरवाशिणी जमल्या, तेव्हा बरणीचं फडकं सुटलं. वर बोटभर पांढरी बुरशी होती. मोठीआईने वास घेतला, आईकडे पाहिलं आणि भरल्या माजघरात निवाडा देऊन टाकला.

"हिचो हात लोणच्याक सोसना. ह्याच्या फुडें हिणें बरणीक हात लावचो न्हय."

आईने मान खाली घालून ती बरणी विहिरीवर नेली आणि घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी पोरसात तिने मला खरं काय ते सांगितलं. मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते म्हणाले, तर तिने माझं मनगट धरलं. शब्द जिथे पडला, तिथूनच तो उचलला गेला पाहिजे, तेच माजघर आणि त्याच माणसांसमोर, एवढंच ती म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी आई गरीब गाय नव्हती.

सात वर्षं ती थांबली. पोरसाच्या एका कोपऱ्यात तिने स्वतःचे चार वाफे केले आणि काचेच्या बाटल्यांत स्वतःचं लोणचं घातलं. ते वाड्यावरच्या घराघरात गेलं, नार्व्याच्या आत्याकडे गेलं, पेडण्याला मामाच्या कचेरीतल्या डब्यांत गेलं, आणि त्याची स्तुती फिरून आमच्याच चुलीशी आली. मोठीआईच्या पानात मात्र त्यातली फोड कधी पडली नाही. तिच्या मुलांनी मागितलं, की आई गोड आवाजात म्हणायची, माझा हात सोसत नाही रे बाबा. सूड म्हटला की लोकांना कोयता आठवतो. माझ्या आईचा सूड तोंडाला फडकं बांधून फळीवर बसला होता. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू?

सातव्या चतुर्थीला मोठीआई लांबलेल्या तापातून नुकतीच उठली होती. तोंडाला चव नव्हती. त्याच माजघरात, माहेरवाशिणींच्या भरल्या पंगतीत तिनेच आईचं लोणचं मागितलं. आईने बाटली आणली, उघडली, तिच्यापुढे ठेवली. मोठीआईने नुकतेच हात धुतले होते. बोटांवरून पाणी ठिबकत होतं, आणि तोच हात बाटलीकडे गेला. आईने कोरडं फडकं पुढे केलं.

"वयनी, पयलीं हात पूस. ओलो हात लोणच्याक सोसना."

मोठीआईचा हात थांबला. ती आपल्याच बोटांकडे बघत राहिली.

"त्या दिसा हांव तांदूळ धुयताली," ती हळूच म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. मग ती हात पुसत राहिली, एकेक बोट, फार वेळ. 'असूं दी' हे दोन शब्द आईच्या ओठांवर सहज येऊ शकले असते. ते तिने येऊ दिले नाहीत.

आता मोठीआई नाही, आई नाही, वाफ्यांवर रान माजलं आहे. आईच्या हातची शेवटची बाटली माझ्या फळीवर आहे. फोडी काळ्या पडल्या, रस दाट झाला. काळ सगळं विसरायला लावतो म्हणतात, पण गेलेलं माणूस काळाच्या मिठात मुरतच राहतं आणि त्याच्यावर झालेला अन्यायही. म्हणून ती बाटली उघडण्याआधी मी हात पुसते, एकेक बोट, आणि मोठीआईला अजून माफ करत नाही.