दोनशे त्रेचाळीस रेघा

रेकॉर्ड प्लेअरचा वेग कानाने ठरवणाऱ्या माणसांचा मला राग येतो. दुकानात येतात, डोकं तिरकं करतात आणि म्हणतात, "जरा फास्ट वाटतोय." वाटतोय म्हणजे काय? वाटण्यावर भागलं असतं तर मापं कशाला काढली असती? मी ड्रॉवरमधून रेघांची चकती काढतो. पुठ्ठ्याची गोल चकती, कडेने काळ्या रेघा. ती फिरत्या तबकडीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली बघायचं. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, नसेल तर पुढे नाहीतर मागे सरकत राहतात. मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या वेगाला एकशे ऐंशी रेघा, पंचेचाळीसला एकशे तेहेतीस. चौतीस वर्षं मी हे करतोय आणि या एका गोष्टीवर बाकीच्या मेकॅनिकांपुढे नाकाने कांदे सोलत आलोय.

आणि सख्ख्या भावाला मी एक रेकॉर्ड एकतीस वर्षं चुकीच्या वेगावर ऐकवली.

दादा बंदरावरच्या गोदामात कारकून होता. कोणी सोडवून न नेलेल्या मालाचा तिथे वर्षातून दोनदा लिलाव व्हायचा. एका लिलावात लाकडाची एक पेटी आली, आत बेचाळीस रेकॉर्डी, सगळ्या जपानी. कोणी बोलीच लावली नाही. दादाने ती पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणली. मी तेव्हा नुकता कामाला लागलो होतो, प्लेअर दुरुस्त करायला शिकलो होतो. दादा म्हणाला, "मशीन तुझं, माल माझा."

ते रॉक होतं म्हणे. पण आम्हाला माहीत असलेल्या रॉकशी त्याचं लांबचंही नातं नव्हतं. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खायचं. ऑर्गन सुरू व्हायचा, मग दहा मिनिटं कोणी गायचंच नाही, मग कुठूनतरी गिटार किंचाळत यायची आणि सगळं विस्कटून निघून जायची. कव्हरांच्या डाव्या कडेला कागदाचा उभा पट्टा, त्यावर अक्षरांची रांग. आम्हाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. म्हणून आम्हीच नावं ठेवली. एक 'तीन कावळे', एक 'बुडती बस'. एकात गिटारचा असा आवाज होता की त्याला 'दाताचा दवाखाना' म्हणायचो. नियम एकच होता. नवी रेकॉर्ड पहिल्यांदा दोघांनी मिळून ऐकायची, एकट्याने नाही. दर रविवारी दुपारी एक रेकॉर्ड. दादाचं लग्न झालं तरी रविवार मोडला नाही. वहिनी सुरुवातीला कानात कापूस घालून बसायच्या.

पेटीतल्या एकोणीस रेकॉर्डी ऐकून झाल्या होत्या तेव्हा आमचे वडील गेले.

बाबा छापखान्यात फोरमन होते. आवाज भारदस्त, पण बोलणं मोजकं. दादाने छापखान्यातली नोकरी नाकारून गोदामाची धरली, त्यावरून दोघांत अबोला झाला. अकरा महिने एका घरात राहून एक शब्द नाही. बाबा फक्त एवढं करायचे, की दादा कामावरून आला की आईला मोठ्याने विचारायचे, "तो जेवला का?" आणि दादा भिंतीकडे बघून म्हणायचा, "जेवेन." मग एक दिवस छापखान्यातच बाबा खाली बसले ते उठलेच नाहीत. अबोला तसाच राहिला. दादाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळं त्याने रीतसर केलं आणि सोमवारी कामावर गेला. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

तीन आठवड्यांनी विसावी रेकॉर्ड निघाली. कव्हर साधं, पांढरं, त्यावर हाताने चिकटवलेला फोटो. भिंतीला टेकवलेली एक सायकल. लेबलवर आकडा एकही नाही, नुसती जपानी अक्षरं. मोठ्या आकाराची रेकॉर्ड, म्हणजे तेहेतीस, हे मी धरूनच चाललो. चकती ठेवली, रेघा उभ्या. सुई टेकवली.

ऑर्गन आला, जड पावलांचा. ड्रम लांबवर कुठेतरी. आणि मग एक म्हातारा गायला लागला. खोल, खरखरीत, प्रत्येक शब्द ओढून आणल्यासारखा. तिसऱ्या गाण्यात तो एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता, शेवटी किंचित वर चढवून, आपण प्रश्न विचारतो तशी. दादा म्हणाला, "जेवलास का म्हणतोय." मी हसलो. त्याच्याकडे बघितलं तर तो रडत होता. तोंडावर हात न घेता, आवाज न करता, बराच वेळ. शेवटी म्हणाला, "आता जेवतो." आणि खरंच उठून जेवायला बसला.

त्या रेकॉर्डचं नाव 'म्हातारा' पडलं. पुढची एकतीस वर्षं दादाला काही सलत असलं की तो 'म्हातारा' लावायला सांगायचा. बढती हुकली तेव्हा, आई गेली तेव्हा, मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा. आणि त्याला एकच ध्यास होता, की या माणसाची आणखी एखादी रेकॉर्ड असणार, ती मिळवायची. आम्ही विकाऊ रेकॉर्डींच्या याद्या काढणाऱ्यांना पत्रं लिहिली, जुन्या रेकॉर्डवाल्यांच्या दारात उभे राहिलो. त्या निमित्ताने दोनशेच्या वर जपानी रेकॉर्डी घरात आल्या, एकाहून एक विचित्र. एका रेकॉर्डवाल्याला आम्ही सांगायचो, "म्हातारा माणूस, फार खोल आवाज, रडवणारं गातो." तो म्हणायचा, "जपानी रॉकमध्ये म्हातारा गायक? असा कोणी नाही हो." आम्ही बाहेर पडल्यावर त्याच्या अकलेची कीव करायचो.

गेल्या वर्षी दादाची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी महिन्यांचा हिशोब सोडून आठवड्यांचा सुरू केला. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग, शेजारी ऑक्सिजनची टाकी आणि समोर प्लेअर. एक दिवस तो मला म्हणाला, "दुसरी नाही ना मिळाली रे?" तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच मला ते सोसलं नाही.

हे वहिनींनी स्वयंपाकघरातून ऐकलं. वहिनी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, मोबाइल माझ्यापेक्षा बरा चालवतात. त्यांनी लेबलचा फोटो काढला आणि तिसरं गाणं आमच्या घरी फार आवडतं असं लिहून कुठल्याशा संग्राहकांच्या गटावर टाकला. आम्ही एकतीस वर्षं जोडे झिजवले, त्यांना उत्तर नवव्या दिवशी आलं. लिहिणारा जपानमधला एक सायकल दुरुस्त करणारा होता. त्या रेकॉर्डवर ड्रम त्यानेच वाजवला होता. त्याच्याकडे दुसऱ्या रेकॉर्डच्या तीन प्रती होत्या. त्यातली एक त्याने पाठवली आणि सोबत पत्र.

पार्सल दादाला न सांगता वहिनी दुकानात घेऊन आल्या. पत्र त्यांनी मोबाइलवर भाषांतर करून आणलं होतं. "भावजी, आधी बसा," म्हणाल्या.

पत्रात होतं, आम्ही कॉलेजातली चार मुलं. पहिली रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगाची, लेबलवर अक्षरांत तसं लिहिलंय, कृपया त्याच वेगावर ऐकावी. दुसरीतली गाणी लांबली म्हणून ती तेहेतीसवर काढली. तिसरं गाणं तुम्हाला आवडतं हे वाचून आनंद झाला, ते ब्रेक तुटलेल्या सायकलीवरून उतार उतरण्याबद्दल आहे, आम्हाला ते गाताना फार हसू यायचं. गाणारी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दुसरी रेकॉर्ड निघाली आणि पुढच्याच हिवाळ्यात ती आजारपणात गेली. कव्हरवरची सायकल तिचीच.

मी पत्र दोनदा वाचलं. मग दुकानातल्या मशीनवर नवी रेकॉर्ड लावली, चकती ठेवून, तेहेतीसवर. एक पोरगी गायला लागली. लख्ख, पातळ आवाज, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. मी सुई उचलली. जी कधी म्हातारी झालीच नाही, तिला आम्ही एकतीस वर्षं म्हातारा म्हणत आलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वेग हा माझा धंदा, आणि बापाची आठवण म्हणून भावाच्या पदरात मी काय टाकलं, तर माझी चूक.

"दादाला खरं सांगायचं का?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," वहिनी म्हणाल्या. "मी त्यांना एवढंच सांगितलंय की दुसरी मिळतेय. काल रात्रभर झोपले नाहीत. म्हणत होते, बघू या म्हातारा आता काय म्हणतो."

सांगायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ज्याला श्वास मोजून मिळतोय, त्याच्याकडून मी बाप दुसऱ्यांदा काढून घेणार नव्हतो.

पण मशीन खोटं बोलत नाही. ही रेकॉर्ड मुळातच तेहेतीसची. तिच्यातून म्हातारा बाहेर काढायचा तर पंचेचाळीसचं तेहेतीस झालं होतं त्याच प्रमाणात तिला आणखी हळू करायला हवं होतं. चोवीस पूर्णांक सात. असा वेग जगात कुठल्याच प्लेअरला नसतो. माझ्याकडे एक जुनं सोळाच्या वेगाचं मशीन होतं, पण त्यावर म्हातारा नव्हे, रेडा गायला असता.

मोटरच्या टोकाला पितळेची पुली असते, तिच्यावरून पट्टा तबकडीला फिरवतो. पुली बारीक केली की तबकडी हळू होते. दादाच्या प्लेअरची पुली बारा मिलिमीटरची. मी लेथला पितळेचा नवा तुकडा लावला आणि तो आठ पूर्णांक नऊपर्यंत उतरवला. दोन तुकडे वाया गेले. मग प्रश्न आला चकतीचा. या वेगाच्या रेघा कोणी छापत नाही. कानाने ठरवलं असतं तरी चाललं असतं, दादा काय तपासणार होता? पण मला ते जमेना. खोटं करायचं तर नीट करायचं. गणित मांडलं, दोनशे त्रेचाळीस रेघा आल्या. पुठ्ठा कापला, कंपास आणि बारीक पेन घेतलं, आणि अख्खा दिवस दुकान बंद ठेवून दोनशे त्रेचाळीस रेघा हाताने काढल्या. दादाच्या घरी पुली बसवली, चकती ठेवली. रेघा उभ्या राहिल्या. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

"काय करतोयस एवढं?" दादाने पलंगावरून विचारलं.

"पट्टा सैल पडला होता."

सुई टेकवली. ऑर्गन आला, तीच जड पावलं. आणि म्हातारा आला. दादाने डोळे मिटले. बाजू संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग तो म्हणाला, "थकलाय रे या खेपेला. पण आहे तोच." थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटलं होतं, रागावला असेल."

वहिनी उठून आत गेल्या. मी कव्हर पुसत बसलो. कव्हर स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तीच बाजू पुन्हा ऐकली. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याने बोटाने प्लेअरकडे खूण केली, बोलणं होत नव्हतं. मी लावली. त्याचा हात माझ्या मनगटावर होता. म्हातारा त्याच्या सावकाश चालीने गात राहिला, मग शेवटच्या गाण्यात एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. दादाचे ओठ हलले. मनगटावरचा हात हलका झाला. वहिनींनी घड्याळाकडे बघितलं, शिक्षिकेची सवय. चार वाजून सत्तावीस मिनिटं. रेकॉर्ड अजून चालू होती. बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही, ती आपली आपण संपली.

महिन्याने मी पुली बदलायला गेलो. चुकीच्या वेगाचं मशीन घरात राहिलेलं मला चालत नाही. जुनी पुली बसवली, एकशे ऐंशी रेघांची चकती ठेवून बघितली. वहिनी म्हणाल्या, "ती पोरगी मी अजून ऐकली नाही. लावा."

लावली. वहिनी मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. शेवटच्या गाण्यात मुलगी ती ओळ म्हणायला लागली आणि मध्येच, स्पष्ट ऐकू आलं, तिला हसू फुटलं. म्हाताऱ्याचा तिथे आवाज भरून यायचा. सुई आतल्या कडेला जाऊन थांबली.

"लवकर संपली," वहिनी म्हणाल्या.

मी मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजलीच होती, माझीही सवय. "चौदा मिनिटं वीस सेकंद."

"आणि तुमच्या पुलीवर?"

"एकोणीसच्या थोडं वर."

त्यांनी बोटांवर मिनिटं मोजली. मग म्हणाल्या, "ते सतरा मिनिटांनी गेले, भावजी."

बरोबर वेगावर रेकॉर्ड त्याच्या जाण्याआधी जवळजवळ तीन मिनिटं संपली असती. दादा नुसत्या टाकीच्या फुसफुशीत गेला असता. मी खाली बघितलं. बारीक पुली अजून माझ्या मुठीत होती. वहिनींनी हात पुढे केला, तेव्हा मी ती त्यांना देऊन टाकली.