ऑगस्टाबाईंचा बिल्ला

पेटीतून पुन्हा एक काळी गोटी निघाली.

"कुठली भवानी आहे ही?" अध्यक्ष ओपल कडाडली. "आजही नवी सभासद म्हणून लुसिंडाला घेतलं नाही तर आपली शाखा बंद होईल, माहीत आहे ना? सगळ्या म्हणता पांढरी टाकली. मग ही काय आभाळातून पडली?"

नेब्रास्कातल्या त्या गावात, चर्चच्या तळघरात, शिक्षिकांचं हे मानाचं मंडळ कित्येक वर्षं भरत आलं होतं. मताला प्रत्येकीला एक पांढरी, एक काळी गोटी मिळायची. एक जरी काळी पडली तरी उमेदवार बाद. मंडळाचा इतिहास दरवर्षी व्हर्ना वाचायची, कारण संस्थापक तिचीच आई, ऑगस्टाबाई. हुल्डा नावाच्या हाडाच्या शिक्षिकेनं चोरून लग्न केलं, म्हणून बाईंनी तिला काळ्या गोटीनं परत पाठवलं होतं. लग्न झालेली बाई शाळेची राहत नाही, असं त्यांचं ठाम मत. व्हर्नाचंही लग्न त्यांनी होऊ दिलं नाही. बाई वारल्या, आणि तेव्हापासून लग्न झालेली पोर उभी राहिली की काळी गोटी निघायचीच. लुसिंडाही लग्न झालेलीच.

"हुल्डाचा तळतळाट, दुसरं काय," कोणीतरी कॉफी ओतत पुटपुटलं.

व्हर्नालाही तसंच वाटायचं. तिनं रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला गोटी लागली. जी टाकल्याचं लख्ख आठवत होतं ती पांढरी गोटी खिशातच होती. काळी गायब. छातीवर आईचा बिल्ला होता. गेलेलीचा बिल्ला जिवंत सभासदानं लावायचा, ही मंडळाची रीतच होती. हुल्डा बिचारी इथे कधी आलीच नव्हती; इथे होती ती आई.

"ओपल, मी मंडळ सोडते. पुन्हा मत घ्या."

"अगं, वेड लागलंय का? जीव की प्राण आहे हे तुझं!"

"म्हणूनच."

बिल्ला निघता निघेना. निघाला तेव्हा बोटात टाचणी घुसली होती.

या वेळी सगळ्या पांढऱ्या. टाळ्या झाल्या, लुसिंडा रडलीसुद्धा. ओपलनं हात पुढे केला. "आण तो बिल्ला, हिला लावू."

"हा नाही."

"अगं, पण रीत..."

"नाही म्हटलं ना!"

तोंड व्हर्नाचं, पण आवाज ऑगस्टाबाईंचा होता. सगळ्या बाया शाळकरी पोरींसारख्या ताठ बसल्या.

व्हर्ना घाबरली, पण तिनं मूठ उघडली नाही. कोट उचलून ती जिना चढली.

"चल, आई," ती मुठीला म्हणाली. "आता आपण दोघीच."