मोरीतल्या मुंग्या

"साखर घालताना हात आखडू नको, वहू. फिका चहा पिऊन पाहुणा उठला, तर त्याच्यामागून घराचं पुण्यही उठतं."

सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण चहाचं पातेलं चढलं की डाहीबेनला हा आवाज ऐकू यायचा आणि तिचा हात साखरेच्या डब्यात खोल जायचा.

तिचा नवरा करसनदास सावरकुंडल्याच्या बाजारात तराजू बनवायचा. गाळ्यावर माणूस आला की घरून किटली जायची. आमच्याकडे एका चहाचे दोन वाटे होतात: कप पाहुण्याचा, बशी यजमानाची. वेगळा चहा घेणारा मनानेही वेगळा समजला जातो. दिवाळीत डॉक्टरांनी करसनदासला साखर बंद करायला सांगितलं होतं. चार दिवस चहा फिका गेलाही, मग एका गिऱ्हाइकाने टोमणा मारला, "शेठ, धंद्यात एवढी मंदी? चहात साखरसुद्धा परवडेना?" त्या संध्याकाळी किटली पुन्हा गोड झाली.

डाहीबेनचा एक नेम होता. रोज सकाळी खिजड्याच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली मुंग्यांना पीठ-साखर घालायची आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं. त्या उन्हाळ्यात मुंग्या घरात, थेट मोरीपर्यंत येऊ लागल्या. तिला भरून आलं. आपली सेवा पोचली, जीव दारी मागायला आले, असं समजून ती तिथेही चिमूटभर पीठ ठेवायची. पाणी जपून ओत, असं तिने नवऱ्यालाही बजावलं होतं. करसनदासला मात्र सारखी तहान लागे, आणि रात्री लघवीसाठी मोरीत फेऱ्या होत. सदरा अंगावर लोंबू लागला होता. तो म्हणे, ऊन फार आहे.

अशात अमरेलीहून थोरली नणंद आली, लाभुबेन. पाय धुवायला मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आली तेव्हा चेहरा उतरलेला.

"डाही, या कधीपासून येतात?"

डाहीबेनने कौतुकाने सगळं सांगितलं. लाभुबेन खाली बसली.

"माझ्या घरीही आल्या होत्या. मीही पीठ घातलं होतं."

लाभुबेनच्या यजमानांचा आधी अंगठा गेला होता, मग पाय, आणि मग ते स्वतः. मुंग्या पुण्याला आल्या नव्हत्या. करसनदासच्या लघवीतून साखर जात होती, तिच्या वासाने आल्या होत्या!

तो घरी आला तशी बहिणीने त्याला खाटेवर बसवलं. "तराजू बनवतोस आणि स्वतःचं वजन घटलेलं कळत नाही होय रे? मोजा काढ." मोजा टाचेला चिकटला होता. खाली फोड फुटून काळा पडला होता. त्याला ठाऊकच नव्हतं, दुखतच नव्हतं ना.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बांधली, औषध वाढवलं आणि सांगितलं की साखर उतरली तर पाय राहील, महिन्याभराने बघू.

दुसऱ्या दिवशी चहा लाभुबेनने मांडला. आलं ठेचलं. वेलची, दालचिनी, लवंग, दोन मिरे आणि बडीशेप खलात भरडली. गवती चहाच्या पातीला गाठ मारून सगळं पाण्यात टाकलं आणि पाणी निम्मं होईतो उकळलं. पत्ती आणि दूध त्यानंतर. बडीशेप-दालचिनीने जिभेला गोडाचा भास होतो, म्हणाली. डाहीबेन हळूच गूळ घेऊन आली. गूळ तर देवाचा, तेवढा चालेल ना?

"गूळ देवाचा, पण पाय करसनचा. रक्ताला दोन्ही सारखंच."

"पण बा म्हणायच्या..."

"ती माझीही आई होती. बाचा शब्द मी मरेपर्यंत पाळला, डाही. माझ्या मरेपर्यंत नाही, माझ्या यजमानांच्या."

डाहीबेनने गूळ परत डब्यात ठेवला. मग देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींपुढे दिवा लावून तिने शब्द दिला: या घरची किटली आता फिकीच जाईल, आणि मीच घेऊन जाईन. साखर हवी असेल त्याला वेगळ्या वाटीत मिळेल. बशीतला वाटा बिनसाखरेचाच राहील.

बहिणींनो, भावांनो, आपला आग्रह प्रेमाचाच असतो. पण ज्याला गोड वर्ज्य आहे त्याला शपथा घालून गोड पाजणं ही सेवा नव्हे, आणि लोकलाजेने स्वतः पिणं हा आतिथ्यधर्म नव्हे. देवाला पाहुणा प्यारा आहे, तसा यजमानही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाहीबेनने खिजड्याखाली पीठ-साखर घातली. परत येऊन मोरीत डोकावली. मुंग्या होत्या. कालच्यापेक्षा कमी की तेवढ्याच, तिला सांगता येईना. पीठ न ठेवता तिने दार लोटलं, डोक्यावर पदर घेतला आणि गरम किटली उचलून बाजाराची वाट धरली.