तांदळातलं पहिलं अक्षर

देवपूजा आटोपून अंबूताई अंगणात रांगोळी घालत होत्या. उत्तरा साडीचा पदर सारखा करत बाहेर आली, तशी त्यांनी मान वर केली.

"मागल्या दारानं जा गं. समोरच्यांच्या किरणला बघायला पाव्हणे यायलेत. उगीच कुणी बोलायला नको."

उत्तरा मागल्या दाराकडे वळली. तारिहाळच्या कारखान्यातून घरी येताना तिचा नवरा सुधींद्र अपघातात गेला, तेव्हापासून तिला याची सवय झाली होती. अंबूताई दुष्ट नव्हत्या. आज मुलाखत म्हणून पहाटे उठून त्यांनीच सुनेसाठी शिरा केला होता, तिची प्रमाणपत्रं पिशवीत नीट घालून दिली होती. पण ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर त्यांनी स्वतः जन्मभर त्याच मागल्या दारानं ये-जा केली होती. दुसरं दार असतं हेच जणू त्या विसरल्या होत्या.

लॅमिंग्टन रोडजवळच्या एका शाळेत शिशुवर्गाची शिक्षिका हवी होती. मुख्याध्यापिका श्यामलाबाई आणि संस्थेचे सेक्रेटरी जयतीर्थराव समोर बसले होते.

"बी.एड. झालेल्या पुष्कळ जणी येतात," जयतीर्थराव म्हणाले. "तुम्हालाच का घ्यावं, ते सांगा की."

उत्तरा उत्तर जुळवत होती, तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात एका मुलीनं भोकाड पसरलं. आई तिला प्रवेशासाठी घेऊन आली होती आणि मुलगी खांबाला मिठी मारून कानडीत ओरडत होती, "नंग साळी ब्याडा!" शाळा नको मला!

"मी जरा बघू का तिच्याकडे?" उत्तरानं विचारलं आणि ती बाहेर गेली.

तिनं मुलीला उचललं नाही, गप्पही केलं नाही. शेजारी फरशीवर बसून खडूनं मांजर काढू लागली. मुद्दामच शेपूट काढली नाही. मुलीचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. शेवटी न राहवून तिनं खडू ओढून घेतला आणि शेपूट काढली, ती थेट व्हरांड्याच्या पायरीपर्यंत! मग उत्तराचं बोट धरून ती आपणहून वर्ग बघायला निघाली.

दारात उभ्या राहून श्यामलाबाई हे सगळं बघत होत्या. उत्तरा परत आत आल्यावर त्या म्हणाल्या, "सोमवारपासून याच तुम्ही." जयतीर्थरावही हसले. "छान, छान. यजमान काय करतात?"

"ते गेले. तीन वर्षं झाली."

जयतीर्थरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय आहे बाई, दसऱ्याला आमच्याकडे अक्षराभ्यास असतो. शिशुवर्गाच्या बाई लेकरांचा हात धरून तांदळात पहिलं अक्षर काढून घेतात. मला काही वाटत नाही हो. पण पालक..."

श्यामलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, शाळेत येताना मंगळसूत्र घालून या. कोण विचारायला येतंय?"

उत्तराच्या डोळ्यांसमोर घर उभं राहिलं, सासू, लेक भाग्या, सगळं. नोकरी हवीच होती. तरी ती म्हणाली,

"म्हणजे रोज सकाळी त्यांना जिवंत करायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा मारायचं? मला नाही जमणार, बाई."

ती बाहेर आली. दार उघडंच होतं, त्यामुळे बोलणं व्हरांड्यात ऐकू गेलं होतं. ती मुलगी हसत तिच्याकडे धावली. आईनं तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

घरी आल्यावर उत्तरानं सगळं सांगितलं. अंबूताई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"सुधींद्राच्या अक्षराभ्यासाला त्याचा हात माझ्या जावेनं धरला होता," भाजी बाजूला सारून त्या म्हणाल्या. "मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. पोर सारखं मागं वळून मला शोधत होतं. आणि मी, त्याला दिसू नये म्हणून आणखी आत सरकले."

उत्तरा त्यांच्याजवळ बसली. "आई, यंदा भाग्याचा अक्षराभ्यास आहे. तिचा हात मी धरू?"

अंबूताईंनी पदरानं डोळे टिपले. "मला विचारू नकोस गं. विचारलंस तर माझ्या तोंडून नकोच येईल. विचारू नकोस. धर."

दसऱ्याला बैठकीच्या खोलीत ताट मांडलं. बोलावलेल्यांपैकी कुणीच आलं नाही. शाळेत तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी हात लेकरांच्या हातावर होता. इथं उत्तरानं भाग्यलक्ष्मीचा इवलासा हात धरला आणि तांदळात 'श्री' उमटलं. शेजारी बसलेल्या अंबूताई ते अक्षर बघत नव्हत्या. आईच्या मांडीवर बसलेल्या, मागं वळून कुणालाही न शोधणाऱ्या नातीच्या चेहऱ्याकडे त्या बघत होत्या, आणि रडत होत्या.