आत्यांचा चिखल

फिनिक्सहून आलेल्या त्या पाहुणीला वागण्याची काही म्हणून रीत नव्हती. एल्वेराने हे तीन दिवसांत पठारावरच्या घराघरांत जाऊन सांगितलं होतं, दोन घरी तर दोनदा. पुढ्यात मटण आणि मक्याचा रस्सा ठेवला तर ही बया म्हणे, "नको, पोट भरलंय." आता दुसऱ्याच्या घरी जाऊन कुणाचं पोट भरलेलं असतं का? आणि मका वाटून नवरीच्या हाताला फोड आले, तर हिने आपल्या दवाखान्यातले रबरी हातमोजे काढून दिले!

"रबराच्या हाताने वाटलेलं पीठ," एल्वेरा म्हणाली होती. "त्याची पीकीची पातळ पोळी खाणार कोण, डॉक्टर?"

पाहुणीचं नाव मारिविक. नर्स होती, आईबाप फिलिपिन्सचे. नवरीबरोबर पाच वर्षं एका खोलीत राहिलेली. नवरी शँटेल तशी आपलीच, होपी जमातीची. पण आई नोकरीसाठी शहरात गेली ती तिकडचीच झाली, म्हणून पोरगी सगळं ऐकीव शिकलेली. आता ती रीतीप्रमाणे सासूच्या, म्हणजे लिओलाच्या घरी पाट्यावर निळा मका वाटत होती. उद्या वाटणाची चौथी पहाट. युका नावाच्या झुडपाच्या मुळांच्या फेसाने दोघांची डोकी धुवायची, केसांना केसांचा पीळ घालायचा, की झालं लग्न.

पण त्याच्या आधी आजचा दिवस होता. आजचा दिवस आत्यांचा. नवऱ्यामुलाच्या आत्यांनी त्याच्या आईच्या घरावर चिखल घेऊन चालून जायचं आणि नवरीला शिव्या घालायच्या, अशी रीत.

नवरामुलगा मर्विन एल्वेराच्या भावाचा. जन्मल्यावर विसाव्या दिवशी पहाटे त्याचं डोकं धुऊन, त्याला उगवत्या सूर्याला दाखवून नाव ठेवलं ते एल्वेराने. मोठा होऊन तो जंगलातले वणवे विझवायला जाऊ लागला, तेव्हा तो परत येईपर्यंत हिला धड झोप नसे. असा भाचा कुणी उपटसुंभ पोरगी घेऊन जाणार आणि आत्या गप्प बसणार? मग गाव काय म्हणेल, या पोरावर कुणाचा जीवच नव्हता? जेवढी माया जास्त, तेवढा चिखल पातळ आणि शिव्या घट्ट.

दुपारी लिओलाच्या दारात पिकअप थांबली. सहा आत्या उतरल्या, चिखलाच्या चार बादल्या उतरल्या, सगळ्यात शेवटी एल्वेराचा दुखरा गुडघा उतरला. लिओलाने सकाळीच पडदे काढून नव्या सोफ्यावर ताडपत्री बांधली होती. ती पाण्याचा पाइप धरून दारात उभीच होती.

"या, म्हाताऱ्यांनो! अजून हिंडता-फिरता वाटतं?"

"तुला आंघोळ घातल्याशिवाय कसं जायचं, वहिनी?"

पहिला सापडला हार्लन, नवऱ्यामुलाचा बाप, एल्वेराचा सख्खा भाऊ, गावचा पोलीस. "एक मुलगा सांभाळता आला नाही तुला!" म्हणत बहिणींनी त्याला कानापर्यंत लिंपला. तो बिचारा रीतीप्रमाणे पायरीवर मुकाट बसून राहिला.

मग एल्वेराने खिडकीकडे तोंड केलं. "कुठाय ती तिरळी? मका वाटतेय की वाळू? आळशी कुठली! माझ्या भाच्याला उपाशी मारायला आलीय!"

आतली घरघर थांबली.

एल्वेराच्या कानाला ते लगेच कळलं. पाटा थांबायला नको होता. नवरीने ऐकून न ऐकल्यासारखं करून वाटत राहायचं असतं. तिने टाचा उंचावून आत पाहिलं. शँटेल निळ्या पिठाचे हात मांडीवर टाकून बसली होती, मान खाली, गाल ओले. मारिविक बॅग उचलून दारात आली.

"बास झालं! चारला उठते ती रोज. हात सोलवटलेत तिचे. शँटेल, ऊठ, मी गाडी काढते. ही असली माणसं नकोत तुला. आणि तुम्ही थांबला नाहीत तर पोलिसांना बोलवीन."

"बोलव की," लिओला म्हणाली. "तो काय, पायरीवर बसलाय."

हार्लनने चिखलाचा हात हलवला. पण कुणी हसलं नाही, कारण पाटा अजून गप्पच होता.

एल्वेराला 'पोरी, हे मायेचं आहे गं,' एवढंच म्हणायचं होतं. पण आजच्या दिवशी नवरीसाठी गोड शब्द काढणारी आत्या म्हणजे भाचा फुकट देऊन मोकळी झालेली आत्या. गावात असं कुणी केलं नव्हतं. आणि ही पोरगी गाडीत बसली, तर उद्या पहाटे धुवायला एकच डोकं उरणार.

तिने बादलीत हात घातला, लंगडत दाराशी गेली आणि चिखलाचा गोळा मारिविकच्या हातावर ठेवला.

"तू तिची कोण?"

"बहिणीसारखी आहे मी."

"मग तोंडाने काय बडबडतेस? मी म्हणते ती आळशी आहे. तिरळी आहे. आणि तिची पीकी टायरसारखी जाड—"

गोळा एल्वेराच्या नाकावर फुटला.

 मग लिओलाने पाइपचं पाणी सोडलं, आत्या किंचाळल्या, आणि मारिविकने बॅग टाकून दोन्ही हात बादलीत घातले. "आणि तुमचा तो भाचा! ट्रकसारखा घोरतो! आमच्याकडे येऊन तीन वर्षं जेवला, एकदा भांडं घासलं नाही!"

"दोनदा घासलं!" आतून शँटेल ओरडली. रडता रडता हसत होती. आणि पाटा पुन्हा सुरू झाला, घरर्र घरर्र, आधीपेक्षा जोरात.

एल्वेराने डोळ्यांतला चिखल पुसला. चिखलच होता तो.

संध्याकाळी आत्यांनी लिओलाच्या भिंती धुऊन दिल्या आणि सगळ्याजणी तिच्याच टेबलाशी जेवायला बसल्या. मारिविकच्या केसांत अजून ढेकळं होती. तिचा तिसरा वाडगा चालू होता.

"मी तुमच्या तोंडावर..." ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं हो. माफ करा."

एल्वेराने कागदासारख्या पातळ पीकीची निळी सुरळी तिच्यापुढे सरकवली.

"माफी मागून केलेलं वाया घालवू नकोस. पाहुणी म्हणून तू अगदीच टाकाऊ आहेस, पोरी. पण वैरीण म्हणून पहिल्या नंबरची. उद्या पहाटे माझ्या शेजारी उभी राहा, आणि ते रबराचे हात घरी ठेवून ये. आता खा. वैरिणीने पोट भरलं म्हणायचं नसतं."